लाकूड तुझं, जोखीमही तुझी

शहरातलं झाड तोडायचं किंवा मोठी छाटणी करायची तर वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. झाड कोणत्या जातीचं, कुठे उभं आहे, का काढायचंय, सगळं लिहून द्यावं लागतं. 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात 2021 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून झाडाचं वयही विचारलं जातं. 50 वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची अट असते. कायदा चांगला आहे, हवाच होता. पण या सगळ्या कागदांत एक माणूस कुठेच सापडत नाही: जो त्या झाडावर चढणार आहे तो. त्याच्या कमरेला काय बांधलंय, झाडाला घासून जाणारी तार कोण बंद करणार, तो वर बेशुद्ध पडला तर खाली कोण आणणार, याची एकही ओळ नसते.

तो पडला की मात्र त्याचा कागद लगेच तयार होतो. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली व्हायची, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होते. ‘झाडावरून पडून मयत.’ या तीन शब्दांत सगळं झाकलं जातं. फांदी आतून कुजलेली होती का? आधी शॉक लागला आणि मग पडला का? दोर होता का, असला तर कसला? काम कोणी दिलं, किती पैशांत दिलं? शेवटचे दोन प्रश्न तर कोणी विचारतच नाही, आणि बहुतेक वेळा खरं कारण तिथेच असतं.

म्हणून आधी सौदा बघू. जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेरच्या कॉलन्यांत घरासमोरचं झाड काढायचं असलं की एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: लाकूड तुझं, झाड तू काढ. वर थोडे पैसे दिले तर दिले. यावल-चोपड्याकडे बांधावरचा निंब किंवा बाभूळ वखारवाला उभाच विकत घेतो आणि तोडणी मुकादमाला उक्त्यावर देतो. पालिकेच्या ठेक्यातही दर बऱ्याचदा झाडामागे असतो. कुठेही गेलं तरी पैसा दिसतो तो लाकूड जमिनीवर आल्यावरच. दोर नीट लावण्यात गेलेला पाऊण तास, वायरमनची वाट बघण्यात गेलेली सकाळ, खाली रस्ता अडवून उभ्या राहणाऱ्या माणसाची मजुरी, हे सगळं तोडणाऱ्याच्या खिशातून जातं. मग तो ते वाचवतो. कोणीही वाचवेल.

त्यात लाकडाचा भाव लांबीवर ठरतो. जळाऊ तुकडा स्वस्त, आरा मशीनला चालणारा सरळ ओंडका महाग. म्हणून खालून ओरडून सांगितलं जातं, ‘तुकडे करू नको, लांब काढ.’ आता हिशोब मांडा. ओल्या लाकडाचं वजन जातीप्रमाणे घनमीटरला साधारण 800 ते 1,100 किलो भरतं. 30 सेंटीमीटर जाडीचा 1 मीटर लांब तुकडा 70 किलोच्या आसपास जातो. 40 सेंटीमीटर जाडीचा 2 मीटरचा ओंडका 250 किलोच्या घरात. लांबी दुप्पट, जाडी डोळ्याला थोडीशीच वाढलेली दिसते, वजन मात्र साडेतीन पट होतं. हा ओंडका दोराने बांधून सोडायचा म्हणतात, पण बांधला जातो ढिला, आणि कापल्यावर तो आधी मोकळा पडतो, मग दोरात थांबतो. 50 किलोचा तुकडा 1 मीटर मोकळा पडला आणि दोराने 20 सेंटीमीटर ताणून त्याला रोखलं, तर त्या क्षणी दोरावर सुमारे 600 किलोचा झटका बसतो. आठवडी बाजारातला प्लास्टिकचा दोर, चार महिने घराच्या धाब्यावर उन्हात पडलेला, वर त्यात गाठ. गाठीने दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घटते. तो तुटतो तेव्हा सगळे दोराला शिव्या देतात. आणि तुटला नाही तर ज्या खोडाला चढणाऱ्याने स्वतःला बांधून घेतलंय तेच खोड त्या झटक्याने हलतं.

लांब ओंडक्याचा हट्ट सोडला तर यातलं निम्मं संकट तिथेच संपतं. पण लाकूड हीच मजुरी असेल तर तो हट्ट सुटणार कसा?

दुसरा मारेकरी तार. खान्देशात त्याला एक खास साथीदार आहे: ‘लाइट नाहीये, चढ लवकर.’ शेतीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनमधून शेतांकडे जाणाऱ्या लाइनला, वीज पाळीपाळीने येते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि म्हणूनच वीज गेली की झाडावर चढायची घाई होते. पण वीज नसणं आणि लाइन बंद केलेली असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भारनियमनात तुमच्या नावावर काहीच बंद नसतं. सबस्टेशनमधला माणूस वेळ झाली की फीडर चालू करणार, कधी वेळेच्या आधीही. थ्री फेज गेली तरी सिंगल फेज चालू राहू शकते, म्हणजे मोटार बंद पडलेली दिसते आणि तारेत जीव असतोच. गावठाण फीडर वेगळे केल्यापासून तर एकाच वाटेवर गावठाणाची आणि शेतीची तार एकमेकींना ओलांडून जाताना दिसते; शेतातली लाइट गेली म्हणून डोक्यावरच्या दोन्ही तारा मेल्या असं नाही. शिवाय कोणाच्या घरी जनरेटर अर्धवट जोडणीने चालू असला तर त्याचे 230 व्होल्ट उलटे जाऊन डीपीवरून, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून, 11,000 व्होल्ट होऊन तारेत येतात. बंद लाइनवर वायरमन मरतात ते याच वाटेने.

लाइन बंद करण्याची पद्धत महावितरणच्या माणसांना पाठ असते. अधिकृत कर्मचाऱ्याने परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी, घ्यायचं, एबी स्विच (खांबावरचा लाइन तोडणारा स्विच) उघडायचा, डीओ (खांबावरचे फ्यूज) उतरवायचे, तार मेली आहे हे तपासायचं, आणि काम चालणार त्या जागेच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तार जमिनीला जोडायची. शेवटची पायरी गाळली तर उलट आलेली वीज अडत नाही. आणि परमिट परत द्यायचं ते चढणारा खाली उतरून, दोर-करवत काढून, माणसं मोजून झाल्यावर. फोनवर ‘हो, झालं आमचं’ एवढ्यावर लाइन चालू करणं हा गुन्हाच समजला पाहिजे. हे सगळं खासगी मजुराला करता येत नाही; त्याला कोणी परमिट देणारही नाही. ज्याच्या नावावर मीटर आहे, ज्याचं झाड आहे, त्याने महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज करून वेळ ठरवून घ्यावी लागते. हे काम देणाऱ्याचं काम आहे. तार तुटून पडलेली दिसली तर 1912 वर फोन, आणि कोणी येईपर्यंत 10 मीटरच्या आत कोणालाही येऊ न देणं, एवढं मात्र गल्लीतला कोणीही करू शकतो.

लाइन बंद नसेल तर तारेपासून 3 मीटरच्या आत काहीच जाता कामा नये, आणि ‘काहीच’ मध्ये माणूस, हातातला बांबू, ॲल्युमिनियमची शिडी, आणि पडताना फांदी जो घेर घेते तो सगळा घेर आला. फांदी सरळ खाली येत नाही. पानांचा भार शेंड्याकडे असतो, म्हणून ती फिरत येते आणि टोक तारेवर टेकतं. ओली फांदी वीज वाहून नेते. लोखंडी आकडी लावलेला हिरवा बांबूही नेतो. ‘घरगुती तारेने काय होतं, झटका बसतो फक्त’ हे तर काढूनच टाका डोक्यातून. 230 व्होल्टने माणूस मरतो, आणि 8 मीटरवर बसलेल्याला मरायला नुसता झटकाही पुरतो, कारण हात सुटतो. 8 मीटरवरून पडलेला माणूस सव्वा सेकंदात जमिनीवर येतो, ताशी 45 किलोमीटर वेगाने.

आता चढण्याबद्दल. ठेकेदाराकडे सुरक्षेची साधनं मागितली की तो वायरमनचा कमरपट्टा आणि पिवळं हेल्मेट आणून देतो, फोटो काढतो, आणि विषय मिटतो. कमरपट्टा खांबाला रेलून उभं राहण्यासाठी केलेला आहे. त्यावर माणूस पडला तर पट्टा बरगड्यांखाली सरकतो नाहीतर सगळा झटका कण्यावर घेतो. पूर्ण अंगाचा पट्टा हवा, भारतीय मानक आयएस 3521 चा शिक्का असलेला, मांड्यांना फासे असलेला. त्यातही पाठीवरची कडी फक्त पडणं अडवते. फांदीवर दोन्ही हात मोकळे ठेवून करवत चालवायची तर कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या लागतात. बांधकामावरचा सगळ्यात स्वस्त पट्टा झाडावर निरुपयोगी ठरतो तो यामुळे: माणूस त्यात लटकू शकतो, काम करू शकत नाही, आणि मग तो अर्ध्या तासात पट्टा काढून टाकतो. मजुराने काढला म्हणून त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. साधनच चुकीचं दिलेलं असतं.

जाणकार माणूस वर जातो तो असा. 250 ते 400 ग्रॅमची वाळूची पिशवी बारीक दोरीला बांधून वरच्या बेचक्यातून फेकायची, तिच्यामागे चढायचा जाड दोर ओढून घ्यायचा. बेचकं जिवंत लाकडाचं आणि 10 सेंटीमीटरहून जाड असावं, खोडाला लागून असावं. मग चढण्याआधी दोन माणसांनी जमिनीवरूनच त्या दोराला लटकून बघायचं. कुजकं बेचकं तुटायचं तर तेव्हा तुटू दे, जमिनीपासून वीतभर उंचीवर. करवत चालू असताना अंगाला दोन बांध हवेत: हा वरून आलेला दोर आणि खोडाभोवतीचा आखूड दोर. दोन कशाला? कारण करवतीला दोर आणि फांदी यांतला फरक कळत नाही. पोलादी गाभ्याचा आखूड दोर करवतीच्या एका ओढीत तुटत नाही म्हणून तो चांगला, पण तारेजवळ तोच नको, कारण पोलाद वीज वाहतं.

झाडाचा स्वभाव हा दुसरा निम्मा अभ्यास. शेवग्याच्या फांदीवर भरवसा ठेवू नको हे घरातली म्हातारी माणसंही सांगतात. जांभूळ आणि गुलमोहरही असेच, न कुरकुरता मोडणारे. चिंच चिवट. निंब बाहेरून ठणठणीत आणि आतून ढोली असू शकतो, म्हणून कुऱ्हाडीच्या तुंब्याने बुंधा चारी बाजूंनी ठोकायचा: भरीव लाकूड टणक आवाज देतं, पोकळ लाकूड ढोलकीसारखं बोलतं. इकडे आणखी एक प्रकार दिसतो. बांधावर पऱ्हाट्या आणि धसकटं पेटवताना ती नेमकी झाडाच्या बुंध्याशी पेटवली जातात, कधी सहज, कधी परवानगीविना झाड मरावं म्हणून. असा बुंधा एका बाजूने कोळसा झालेला असतो. वर हिरवा पाला असतो म्हणून तोडणारा फसतो. झाड खाच पूर्ण होण्याआधीच जळलेल्या बाजूला बसतं. अशा झाडावर कोणीही चढू नये. ते हायड्रा क्रेनने धरून किंवा लांबून ओढून काढायचं.

फांदी कापताना आधी खालून, खोडापासून फूटभर लांब, जाडीच्या पाव भागापर्यंत काप द्यायचा, मग किंचित पुढे वरून पूर्ण, आणि राहिलेला खुंट शेवटी. खालचा काप गाळला तर फांदी साल ओरबाडत खोडाकडे झुलत येते, जिथे कापणारा बसलेला असतो. पेट्रोलवरचं कटर मशीन झाडावर एका हाताने चालवणं हा आपल्याकडचा सर्रास दिसणारा आत्मघात. साखळी सेकंदाला 20 मीटरच्या आसपास धावते. पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की मशीन डोळे मिटायच्या आत तोंडाकडे उसळतं. ते दोन्ही हातांनी धरलेलं असेल तरच पुढच्या हाताचं मनगट चेन ब्रेकला लागून साखळी थांबायची शक्यता. त्यातून आपल्याकडे वर नेतात ते मागे दांडा असलेलं, जमिनीवर कापायचं मशीन. वर चढवायचं मशीन हलकं, वर दांडा असलेलं असतं, आणि ते पट्ट्याला दोरीने बांधलेलं असतं.

जेसीबीच्या बकेटमध्ये माणूस उभा करून फांद्या छाटणं हा याहून सोपा वाटणारा मार्ग, आणि बघणाऱ्यांना त्यात शहाणपणही दिसतं. बकेट माती उचलायला आहे. तिला कठडा नाही, हायड्रॉलिक पाइप फुटला तर तिला थांबवणारं काही नाही, आणि ऑपरेटरला वरच्याचे पाय दिसत नाहीत. पालिकांकडे पथदिव्यांसाठी हायड्रॉलिक शिडीची गाडी असते; तीच छाटणीला वेळापत्रकात बसवली तर बरीच झाडं न चढता होतील. मात्र तिलाही तारेचा 3 मीटरचा नियम चुकत नाही.

पट्ट्यात लटकलेला बेशुद्ध माणूस ही वेगळीच गोष्ट. मांड्यांचे फासे रक्त अडवतात, ते पायांत साचतं, आणि काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. 108 ची गाडी आली तरी तिच्यातले लोक झाडावर चढत नाहीत. म्हणून दुसरा चढणारा, दुसरा पट्टा, दुसरा दोर जमिनीवर तयार हवा. ज्या कामावर वर जाऊ शकणारा एकच माणूस आहे ते काम सुरूच करू नये. हा नियम सगळ्यात महाग पडतो आणि सगळ्यात आधी मोडला जातो.

जमिनीवरून झाड पाडतानाही घात होतो, पण तिथे नियम मोजके आहेत. 50 सेंटीमीटर बुंध्याला पडण्याच्या बाजूने 10 ते 12 सेंटीमीटर खोल, रुंद तोंडाची खाच. मागून काप देताना मध्ये 5 सेंटीमीटर जाडीची लाकडाची पट्टी न कापता सोडायची. तीच बिजागरी. दाराला बिजागरी असते तशीच ती झाडाला दिशा देत खाली नेते. ‘लवकर पडू दे’ म्हणून ती पूर्ण कापली की झाड बुंध्यावर फिरतं आणि कुठेही जातं. झुकलेल्या झाडाला मागून कापत गेलं तर खोड उभं चिरतं आणि मागचा अर्धा भाग सणकन वर उडतो. कापणाऱ्याची छाती तिथेच असते. अशा झाडाला बिजागरीच्या मागून पातं आरपार घालून आधी मधलं कापायचं, मागची थोडी धार शेवटी सोडवायची. पळायची वाट आधीच साफ हवी, पडण्याच्या उलट दिशेला तिरपी. दोराने ओढणाऱ्यांचा दोर झाडाच्या उंचीपेक्षा लांब हवा. हे लिहायला लाज वाटते, पण 10 मीटर झाड 8 मीटर दोराने ओढणारे लोक आहेत. बघ्यांनी उंचीच्या दुप्पट अंतरावर थांबावं.

मे अखेरीस, रोहिणीत वादळ आलं की रावेर-यावलकडे केळी झोपते आणि रस्त्यांवर निंब, सुबाभूळ आडवे होतात. मग सगळ्यांनाच घाई. पडलेलं झाड उभ्या झाडाइतकंच धोकादायक, कधी जास्त. त्याचं खोड धनुष्यासारखं ताणलेलं असतं. ताणाच्या बाजूला आधी काप दिला की ते चाबकासारखं उसळतं. आधी दाबाच्या बाजूला उथळ काप, मग ताणाची बाजू सावकाश. मुळांसकट उखडलेलं असेल तर खोड कापताच मुळांना धरून वर आलेला मातीचा गड्डा परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात बघायला उतरलेली पोरं त्याच्याखाली जातात.

ऊन आणि मोहोळ यांबद्दल थोडक्यात. 44-45 अंशांत चढायचंच असेल तर सकाळी 6 ला सुरू, 11 ला बंद, आणि दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी. चक्कर जमिनीवर आली तर माणूस सावलीत बसतो, झाडावर आली तर पडतो. वड-उंबरावर आग्या मोहोळ असेल तर आधी ते उठवायचं किंवा काम पुढे ढकलायचं. दोरात अडकलेल्या माणसाला पळता येत नाही.

आता कायदा. व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, पण तिच्या कक्षेत येणारी आस्थापना म्हणजे 10 किंवा अधिक कामगारांची. झाड तोडणारी टोळी चार-सहा जणांची. म्हणजे ज्यांना सगळ्यात गरज, ते बाहेर. भरपाईचं तसं नाही. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आलेलं सूत्र असं: मासिक वेतनाच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. 2020 पासून या कायद्यात वेतनाची मर्यादा 15,000 रुपये होती, 30 व्या वर्षाचा गुणक 207.98, म्हणजे या हिशोबाने 30 वर्षांच्या माणसाच्या मृत्यूची भरपाई 15,59,850 रुपये. आणि तत्त्व हेही होतं, की जे काम संस्थेच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे ते ठेकेदाराकडून करून घेतलं तरी भरपाईची जबाबदारी मूळ संस्थेवरही येते. छाटणी हे पालिकेचं नेहमीचं काम नाही असं कोणती पालिका म्हणेल? पण हे मिळवायचं तर तो माणूस त्या दिवशी त्या कामावर होता हे सिद्ध करावं लागतं, आणि हजेरी नाही, पावती नाही, पैसे हातोहात दिलेले. मग कुटुंबाच्या हाती गल्लीतून गोळा झालेले काही हजार. 20 रुपये वर्षाच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. मुकादमाने टोळीच्या खात्यांत ती सुरू करून द्यावी हे बरंच, पण 15 लाखांच्या हक्काऐवजी ती पुढे केली जाऊ नये. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि अकस्मात मृत्यूच्या चौकशीत काम कोणी दिलं हा एक प्रश्न घातला तर ते कलम आपोआप डोकं वर काढेल.

यावर हमखास येणारा आक्षेप: एवढ्या अटी घातल्या तर लोक चोरून तोडतील आणि या गरीब माणसांचा धंदा बुडेल. आक्षेप खोटा नाही. सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या पोरांना मे महिन्यात दुसरं काम कुठे आहे? म्हणूनच घराघरांवर नवा परवाना लादण्यापेक्षा जिथे सरकारी पैसा जातो तिथून सुरुवात व्हावी: पालिका, रस्ते, महावितरणची पावसाळ्यापूर्वीची छाटणी. तिथे चोरून तोडायचा प्रश्नच नाही. दुसरा आक्षेप मजुरांचाच असतो, ‘काही नही व्हत, भो.’ वीस वर्षं काही झालं नाही ही त्यांची खात्री खरी आहे. ज्यांना झालं ते हे सांगायला समोर नसतात. पण दिवसाचा रोज ठरलेला असेल आणि नीट बसणारा पट्टा दिला, तर तीच माणसं तो घालतात. दोर लावायला पाऊण तास लागला तरी त्यांचं काही जात नाही.

प्रशिक्षण कुठे द्यायचं हा प्रश्नही अवघड नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आयटीआयमध्ये तारतंत्री शिकवतात, दोर-पट्ट्याची ओळख त्यांना आहे. धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे, झाडाचा अभ्यास तिथे होतो. दोघांनी मिळून आठवड्याभराचा वर्ग घेतला आणि अर्धा वेळ खरोखर झाडावर घालवला तर पुरे. ब्रिटनमध्ये माणूस उचलणाऱ्या साधनांची 1998 पासूनच्या नियमांनुसार दर सहा महिन्यांनी तपासणी होते. आपल्याला निदान दर हंगामाआधी दोर उलगडून बघायला काय हरकत आहे?

आणि मुळात चढावं लागणारी झाडं कमी करता येतात. 11 केव्हीच्या तारेखाली पिंपळ किंवा शिरीष लावायचा आणि दहा वर्षांनी त्याला छाटायला माणूस चढवायचा, यात शहाणपण नाही. लावल्यापासून तिसऱ्या ते पाचव्या वर्षी जमिनीवरूनच, लांब दांड्याच्या करवतीने आकार दिला तर पुढची मोठी छाटणी टळते. बुंध्याभोवतीचं सिमेंट हा आणखी एक घोळ: राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीसाठी झाडाभोवती 1 मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं, पण आपल्या कॉलन्यांत पेव्हर ब्लॉक अजूनही खोडाला चिकटवून बसवतात. गुदमरलेलं मूळ कुजतं, आणि त्या झाडावर चढणाऱ्याला खालून काहीच कळत नाही.

पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीच्या निविदा फेब्रुवारी-मार्चमध्येच लिहाव्यात. रोहिणी लागल्यावर अटी घालून उपयोग नाही. दर झाडामागे न ठेवता टोळीच्या दिवसामागे ठेवावा. पट्टे, दोर आणि वर जाऊ शकणारा दुसरा माणूस यांची किंमत वेगळ्या ओळीत यावी, म्हणजे कमी बोली लावणाऱ्याला ती खाता येणार नाही. हजेरीपट नावानिशी, आणि काम सुरू होण्याआधी लाइन बंद असल्याची महावितरणची सही. आणि लाकूड पालिकेच्या आवारात जमा व्हावं, त्याचा लिलाव वेगळा करावा. ठेक्याच्या रकमेतून लाकडाची किंमत वजा करायची ओळ तेवढी खोडून टाका.